तालात न बसलेलं बोलणं

माझ्या बहिणीला वाचता येत न्हाई. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिला वाचता येत असतं तर यातली एक ओळ लिहायची माझी छाती झाली नसती. मी मास्तर. सगळी नोकरी पोरांना बाराखडी शिकवण्यात गेली, आणि शेजारच्या घरात राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला एक अक्षर शिकवलं न्हाई. लोक म्हणतात, मास्तर, घरातलीला तरी शिकवायचं. मी म्हणतो, तिलाच नको होतं. कुणी उठून तिला विचारायला जात न्हाई, हे बरंय.

आमचा तांडा कुंभार पिंपळगावच्या बाजाराला पायी जाऊन यावं एवढ्या अंतरावर. सगळी बंजाऱ्यांचीच घरं. घरात गोरमाटी बोलायची, बाजारात मराठी. इथं सगळ्यांचं बोलणं मी मराठीतच लिहितो, न्हाईतर तुम्ही दुसऱ्याच ओळीला पुस्तक ठेवून द्याल.

बहीण माझ्याहून वर्षानं धाकटी. नाचात तिच्यासारखी पोरगी पंचक्रोशीत न्हवती, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत न्हाई. श्रावणात आमच्यात तीज असते. बिनलग्नाच्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस त्याला पाणी घालतात आणि टोपल्यांभोवती फेर धरून नाचतात. वाकायचं, टाळी द्यायची, वळायचं, पुन्हा वाकायचं. आजीच्या आजीनं जसं केलं तसंच. आमच्या बाईसाहेबांनी त्यात डिस्को घातला.

झालं असं, की बाजाराच्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ लागायचा. पोरींना आत जायची बंदी. ही शेडच्या मागं, पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. तेवढ्यात तिनं जे उचललं ते मला आत बसून तीन तासांत उचलता आलं न्हाई. त्या तिजेला फेर चालू असताना तिनं टाळी दिली, वळली, आणि वळता वळता खांदा असा काही उडवला की सगळा फेरच थांबला. मंग एकेक पोरगी तसंच करायला लागली. म्हाताऱ्या बाया ओरडल्या, "अगं ए, नाचतीस का अंगात आलंय?" ती म्हणाली, "दोन्ही!" आणि पुन्हा उडवला.

तेव्हा जालना नवा नवा जिल्हा झाल्ता. कॅसेटवाल्याच्या दुकानात, हॉटेलात, जीपमध्ये, जिकडं जावं तिकडं डिस्को. आम्ही आठ पोरांनी ग्रुप काढला. मी त्यातला शिकलेला, म्हणून पुढारी. जालन्याला जिनिंगमध्ये कामाला असलेल्या काकाचा टू-इन-वन टेप-रेडिओ माझ्या ताब्यात आल्ता, हे दुसरं कारण. होळीची लेंगी गाणी म्हणायची, डफ आणि थाळी आमचीच, मात्र ठेका डिस्कोचा. चार पोरं पांढरे बूट आणि गॉगल घालून, चार पोरं आयांचे जुने आरशांचे घागरे नेसून. सांजच्याला खळ्यात प्रॅक्टिस. बहीण दगडी बांधावर बसून बघायची आणि शिव्या घालायची.

"भिया, तू नाचून राह्यला का चिखल तुडवून राह्यला?"

भिया म्हणजे भाऊ. मंग स्वतः खाली उतरायची, ओढणी कमरेला खोचायची आणि दाखवायची. पाय आपल्या जुन्या फेराचा, खांदा सिनेमाचा, आणि दोन्ही एका ठोक्यावर. पुढं लोक माझी पाठ थोपटायचे, "काय डोकं चालवलंय पोरा!" मी मान खाली घालून हसायचो. एकदाही म्हणालो न्हाई, की माझं न्हाई, तिचं आहे.

त्याच हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा वाटूरच्या पुढच्या तांड्यावरचा, बिजवर. पहिली बायको तापानं गेली, असं सांगितलं. शेती होती, बैल होते, बापाला पसंत पडलं. तांड्याच्या नायकासमोर, म्हणजे म्होरक्यासमोर, गूळ वाटला. आमच्यात एकदा गूळ वाटला की शब्द गेला, मागं फिरणं म्हणजे पंचांत बापाची पगडी खाली ठेवणं.

गूळ वाटल्यावर महिनाभरानं बहीण बाजारातून आली ती सरळ चुलीपाशी. बांगड्या भरणारी बाई वाटूरकडंही फिरायची, तिनं हात दाबता दाबता सांगितलं होतं, "त्या घरात चाललीस का ग पोरी? ताप कसला, मारून मारून जीव घेतला तिचा. विहिरीतून काढली." हे बहिणीनं याडीला सांगितलं. याडी म्हणजे आमची आई. याडीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "तोंड आवर. लग्न मोडायला टपलेली लई असतात." बापापर्यंत ही गोष्ट गेलीच न्हाई. मला याडीनंच नंतर सांगितली, हसण्यावारी. मीही हसलो.

आता ढावलो म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमच्यात नवरी सासरी निघताना नुसती रडत न्हाई, गाऊन रडते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. लग्नाआधी महिनाभर म्हाताऱ्या बाया तिला शिकवायला बसतात. मंग निघायच्या वेळी ती एकेकाच्या गळ्यात पडते, बापाच्या, आईच्या, भावाच्या, मैत्रिणीच्या, आणि प्रत्येकासाठी वेगळं गाते. त्यात ती काय वाटेल ते बोलू शकते. बापानं मला दावणीची गाय समजून सोडली, भावाला माझा घास जड झाला, असलं. कुणी राग धरायचा न्हाई, कुणी मनावर घ्यायचं न्हाई. जितकी टोचून बोलंल तितकी पोरगी हुशार, असं म्हातारे म्हणतात. पोरीच्या जातीला सगळ्यांसमोर बोलायची परवानगी जन्मात तेवढी एकदाच मिळते, आणि ते कुणी खरं धरायचं न्हाई अशीच तिची रीत.

मला मात्र वेगळाच किडा चावला होता. लग्नानंतर बराबर पंधरा दिवसांनी जालन्यात समाजाचा मोठा मेळावा होता, आमच्या ग्रुपचं नाव दिलेलं. मनात आलं, ढावलो टेप करायचा, त्याच्याखाली डिस्कोचा ठेका टाकायचा, आणि त्यावर नाचायचं. असलं कुणी केलेलं न्हवतं. आणि बहिणीसारखा आवाज पुन्हा कुठं मिळणार?

लग्न झालं. वैशाखातली दुपार, मांडवाखाली धूळ, आणि मी कोरी कॅसेट घालून टू-इन-वन काखेत धरून तिच्या मागं मागं. बापाच्या गळ्यात पडली, याडीच्या पडली. गावातल्या बाया पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागल्या. मी मनात म्हणून राह्यलो, वा, वा, काय सूर लागलाय. मंग ती माझ्याकडं आली.

माझा एक हात तिच्या डोक्यावर, दुसऱ्या हातात टेप. तिनं गायलं. आपण दोघांनी एका ताटात भाकरी खाल्ली, आता माझ्या जागी कुणाला बसवशील, असं काहीतरी. आणि मधेच गाणं थांबवून, माझ्या कानाशी तोंड आणून, साध्या आवाजात बोलली.

"भिया, आता गाणं न्हाई. खरं सांगून राह्यले. त्याची पहिली बायको तापानं मेली न्हाई. मला पंधरा दिवसांत न्यायला ये. दुसऱ्या कुणाला धाडू नको, तूच ये. नेलंस की मी परत जात न्हाई."

मला ऐकू आलं. शब्दन् शब्द. पण त्या वेळी मी खाली बघून राह्यलो होतो, कॅसेटची चाकं फिरतायत का म्हणून. फिरत होती. मी म्हणालो, "येतो, येतो." ढावल्यात भावानं असंच म्हणायचं असतं.

चौथ्या दिवशी मी जालन्याला गेलो. तिथं ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक जण कॅसेट भरून द्यायचा. दोन डेक, एक कॅसिओ, भिंतीला अंड्यांचे ट्रे ठोकलेले. त्याला आमची बोली येत न्हवती. त्यानं ठेका लावला, बहिणीचा आवाज त्यावर बसवला, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. काय जमलं होतं! मंग आवाज एकाएकी बोलण्यावर आला आणि त्यानं बटण दाबलं.

"हे काय म्हणून राह्यली?"

"काही न्हाई. रडणं चाललंय."

"तालात बसत न्हाई हे. ठेवू का काढू?"

"पुन्हा लावा."

त्यानं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. मांडवातला सगळा गलका मागं गेला आणि तिचा आवाज थेट कानात. बोलताना तिनं दोनदा श्वास घेतला होता. नाक ओढलं होतं. गाताना ती रडत न्हवती, हे मला तेव्हा कळलं. गाणं शिकवलेलं होतं. हे बोलणं कुणी शिकवलेलं न्हवतं, आणि हे ती खरं बोलत होती. मला तिथंच, त्या दुकानात, साफ कळलं. मला कळलंच न्हाई, असं मी पुढं खूप जणांना सांगितलंय.

"काढा," मी म्हणालो.

आमच्यात पंधराव्या दिवशी भाऊ मुराळी म्हणून जातो आणि बहिणीला पहिल्यांदा माहेरी घेऊन येतो. पंधरावा दिवस म्हणजे मेळाव्याचा दिवस. बाप म्हणाला, "चुलत्याला धाडू का?" मी म्हणालो, "नको, तिनं मलाच बोलावलंय. मेळावा झाला की जातो. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?" बापाला पटलं. बघा, तिचं बोलणं मी वापरलं ते असं.

मेळाव्यात आम्ही मैदान मारलं. आधी पडद्यामागून तिचा एकटा आवाज, मंग थाळी, मंग धाडकन ठेका, आणि आठ पोरं उडी मारून पुढं. म्हातारे चिडले, उठून गेले. एक जण जाता जाता म्हणाला, "अरे नालायकांनो, लेकीच्या रडण्यावर नाचता?" आम्ही हसलो. जवान पोरांनी खुर्च्या डोक्यावर घेतल्या. पुन्हा लावा, पुन्हा लावा, असं तीनदा झालं. तिनं शिकवलेला खांदा मी तीनदा उडवला.

मंग परतूरला बोलावणं आलं, अंबडला आलं, आणखी दोन-चार तांड्यांवर आलं. दोन दिवसांचे आठ झाले, आठाचा महिना. प्रत्येक वेळी मनात यायचं, उद्या जातो. पेरणी आली. कॅसेटच्या कॉपीवर कॉपी निघून ती जीपवाल्यांकडं वाजायला लागली. मी वाटूरच्या पुढं गेलो तो थेट तिजेच्या तोंडावर, अडीच महिन्यांनी.

ती दारात धान्य निवडत बसली होती. डाव्या हाताला बांबूच्या पट्ट्या, त्यावर चिंधी. कोपर भलत्याच बाजूला वळून बसलेलं.

"आलास?" म्हणाली. 

सासू म्हणाली, बैलानं ढकललं. बैल दावणीला उभा होता, बिचारा. मी तिला घेऊन आलो. चार दिवस राहिली. पोरी तिजेचा फेर धरून नाचत होत्या, खांदा उडवत होत्या, आणि ही उंबऱ्यावर बसून बघत होती. मला वाटलं, आता बोलंल. बापाला सांगंल, की परत जात न्हाई. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. बोलायचं ते ती आधीच बोलून चुकली होती, आणि ते फक्त मला माहीत होतं. मी उठून बाहेर गेलो. पाचव्या दिवशी नायक, बाप आणि दोन पंच तिला पोचवून आले. समजूत घातली दोन्ही बाजूंची, म्हणाले.

सात वर्षं ती तिथं नांदली. नांदली हाच शब्द वापरतात. दोन पोरं पोटातच गेली. पुढं त्यानं दुसरी आणली आणि हिला एका गाठोड्यासकट आमच्या दारात सोडून गेला. तेव्हा मी नोकरीला लागून, लग्न करून, एका पोरीचा बाप झाल्तो. शेजारी तिला एक खोली बांधून दिली. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

तिकडं काय काय झालं ते तिनं सांगितलं न्हाई. एकच गोष्ट सांगितली, तीही माझ्या बायकोला. तिकडच्या एका लग्नात आमची कॅसेट लागली होती. नवरा मित्रांबरोबर नाचत होता. त्यानं हिला हाताला धरून घोळक्यात ओढलं आणि म्हणाला, "ये, तुझंच रडणं लागलंय." सगळ्यांनी तिच्याभोवती फेर धरला. गाणं संपेपर्यंत ती मधे उभी होती. मूळची कॅसेट माझ्या कपाटात होती. बायकोनं हे सांगितलं त्या आठवड्यात मी तिच्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली.

परत आल्यावर बहीण कधी नाचली न्हाई. डावा हात खांद्याच्या वर जातच न्हाई. शाळेच्या गॅदरिंगला मी दर वर्षी पोरांचा बंजारा नाच बसवायचो, तोच पाय, तोच खांदा. प्रॅक्टिस चालू असताना ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन शाळेवरून जायची. बघायची न्हाई. पोरं चुकत असली तरी शिव्या द्यायची न्हाई.

दोन हजार सालही मागं पडलं आणि माझ्या पोरीचं लग्न निघालं. तिला ढावलो शिकवायला तांड्यात कुणी उरलं न्हवतं. उरली होती ती एकच, आणि तिला विचारायची माझी हिंमत न्हवती. बायकोनं विचारलं. बहीण म्हणाली, "मला विसरायला झालंय." पोरीलाही काही पडलेली न्हवती. डीजेवाला म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ. ढावलो मिक्स आहे माझ्याकडं, एकदम जुना, ओरिजिनल."

मी त्याला ॲडव्हान्स मोजून दिला.

दुपारी चारला पोरगी निघाली. गाडी फुलांनी सजवलेली, डीजेच्या भिंती दोन्ही बाजूंना. त्यानं लावलं. बावीस वर्षांपूर्वीचा माझ्या बहिणीचा आवाज, खाली नवा धडाडणारा ठेका, आणि जावयाकडची पोरं नाचायला लागली. पोरगी माझ्या गळ्यात पडली. तिचे ओठ हलत होते. ती मला काहीतरी सांगून राह्यली होती, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत न्हवतं. मी ओरडलो, "काय? काय म्हणतीस?" माझाच आवाज मला आला न्हाई. 

बहीण बायांमधून निघाली. सरळ डीजेच्या टेबलाशी गेली आणि उजव्या हातानं वायर उपटली.

सगळं गप्प झालं. पोरं हात वर केलेली तशीच उभी. ती माझ्या पोरीजवळ आली, तिची हनुवटी धरली.

"आता बोल, बाई. गाऊ नको. सरळ बोल. सगळे ऐकतील."

पोरगी गोंधळली. डोळे पुसत म्हणाली, "काही न्हाई ग आत्या. बांना सांगत होते, चष्मा टीव्हीवर ठेवलाय. शोधत बसू नका म्हणून."

लोक हसले. मीही हसलो, आणि मला रडू फुटलं. बहीण हसली न्हाई. तिनं पोरीला पुन्हा विचारलं, "एवढंच ना? नक्की ना?" पोरगी म्हणाली, "नक्की." मंग तिनं तिला गाडीत बसू दिलं.

पाहुणे पांगले. मी मांडवात खुर्चीवर बसलो होतो. बहीण पत्रावळ्या गोळा करत करत माझ्याजवळ आली आणि समोर खाली बसली.

"ते माझं रडणं वाजवतात ना," म्हणाली, "त्यात पुढचं न्हाई."

मी पायाखालची पत्रावळ उचलून तिच्या हातात दिली.

"पुढं मी तुला बोल्ले होते. तिकडं पहिल्यांदा ऐकलं, तवाच कळलं, की ते त्यात न्हाई. मला वाटलं, टेप संपली असंल. आणि तुलाही गलक्यात ऐकू आलं नसंल. न्हाईतर तू आला असता." तिनं हातातल्या पत्रावळ्या एकावर एक नीट लावल्या. "इतकी वर्षं मी तेच धरून राह्यले. संपली होती ना रे, भिया?"

ती माझ्याकडं बघत होती. तिजेच्या वेळी उंबऱ्यावरून बघितलं होतं, तशीच.

"हो," मी म्हणालो. "संपली होती."

"तेच म्हणलं मी," ती म्हणाली, आणि उठून पुढची पंगत उचलायला गेली.

साठ मिनिटांची कॅसेट होती ती. अर्ध्याहून जास्त कोरी होती.